मनोरा कुठवर पडेल?

घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्याला जो तो सांगतो, "जिवाला जपा." अण्णांनाही सगळ्यांचं सांगून झालं होतं. ते मान डोलवायचे आणि समोरचा चहा निवून जायचा. बायको जाऊन कितीतरी महिने झाले, पण त्यांना रडू म्हणून आलं नाही. राग नाही, भूक नाही. दात काढण्याआधी सुई दिली की गाल आपला वाटत नाही ना, तसं त्यांचं सगळंच झालं होतं.

सकाळी उठायला त्यांना एकच कारण होतं. बायकोला हौशी रेडिओचा भारी नाद. रीतसर परवाना काढून ती स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून जगभरच्या लोकांशी गप्पा मारायची. तिने मागे लागून अण्णांनाही परवाना काढायला लावला होता, पण बोलायचं खातं तिचं! समुद्रापलीकडचा एक म्हातारा तिला रोज सकाळी हाक मारायचा. तो अजूनही मारत होता. बिचाऱ्याला सांगणार कोण? तिच्या आजारपणात अँटेनाचा जुना खांब गंजून मोडला होता. खिडकीबाहेर टांगलेल्या तारेवर म्हाताऱ्याचा आवाज कसाबसा यायचा, पण अण्णांचा काही तिकडे पोचत नव्हता.

म्हणून अण्णांनी कुठून तरी एक जुना मनोरा आणला. चांगला तीन मजली घराएवढा! आता एवढ्या उंच मनोऱ्याला तीन बाजूंनी तारांचे ताण लागतात. दोन ताणांना अंगणात जागा होती, तिसऱ्याच्या आड भिंत आली. मग काय, शेजारच्या झाडाची फांदी भिंतीवरून आत आली होती, तिलाच तार गुंडाळून अण्णा मोकळे झाले. आपल्याकडे 'तात्पुरतं' म्हटलं की सगळं खपतं.

मनोरा उभा करायच्या आदल्या दिवशी बायकोची रेडिओवरची मैत्रीण आली. पेशाने वकील. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई.

"अहो, झाडाला बांधलंत?"

"जुनं झाड आहे. कुठे जातंय?"

"जात नाही, पण डुलतं ना! वारा सुटला की ताण घटकेत सैल, घटकेत हिसका. फांदी गेली की मनोराही गेला. आणि वर चढणार कोण?"

"मीच."

"कमरेला पट्टा?"

"कशाला? पडलो तर पडलो. माझं आता काय राहिलंय?"

वकीलबाईंनी अंगणातलं दोरीचं भेंडोळं उचललं. मग त्यांनी आडव्या पडलेल्या मनोऱ्याच्या मापाची दोरी कापली, एक टोक पायासाठी खणलेल्या खड्ड्यातल्या खुंटीला बांधलं आणि दुसरं अण्णांच्या हातात दिलं. "हा पडला तर कुठवर पडेल, ते चालून बघा."

अण्णा यंत्रासारखे चालू लागले. रस्त्याकडे गेले, तर दोरी विजेच्या तारांखालून पार पलीकडे. "लोखंड त्या तारांवर पडलं की खाली जो असेल तो संपला," वकीलबाई म्हणाल्या. अण्णांनी नुसतं "हं" केलं. मग भिंतीवरून दोरी टाकून ते फाटकातून शेजारी गेले.

तिथे झाडाच्या सावलीत शेजारीणबाईंचा शिवणवर्ग चालला होता. चार-पाच मुली मशीनवर वाकलेल्या. दोरीचं टोक बरोब्बर बाईंच्या स्टुलापाशी पोचलं. त्यांनी वर पाहिलं आणि लगबगीने स्टूल मागे ओढलं.

"दोरी पुरत नाही का, अण्णा? थांबा, मी सरकते. आणि कालचा डबा घासत बसू नका हो, तसाच द्या."

इतके महिने ज्या बाईने न चुकता डबा पाठवला, तिच्याच डोक्यावर ते तीन मजली लोखंड टांगायला निघाले होते! अण्णांच्या हातातली दोरी सुटली. दोरीचा काच तळहाताला झोंबत होता, आणि हात आपलाच आहे हे त्यांना कळत होतं.

"स्वतःच्या जिवाची फिकीर सोडलीत ना, अण्णा," मागोमाग आलेल्या वकीलबाई हळूच म्हणाल्या, "त्याच वेळी यांच्या जिवाचीही सुटली. कळलं सुद्धा नाही तुम्हाला."

"काढा ती तार!" अण्णा म्हणाले. "आधी ती तार काढा!"

मनोरा परत गेला. त्याच्या निम्म्याहून लहान खांब आला आणि विजेच्या तारांपासून लांबच्या कोपऱ्यात उभा राहिला. पडला तरी आपल्याच अंगणात पडावा, असा. तीन ताण सारख्या अंतरावर, जमिनीत काँक्रीट ओतून पक्के केलेल्या कड्यांना. ताण आवळायचे स्क्रू आपोआप उलगडू नयेत म्हणून त्यांतून तार ओवून पीळ दिला. अण्णा शिडीवर चढले ते पट्टा बांधून, आणि खाली शिडी धरायला शेजारीणबाई.

"एवढ्याशा खांबावरून म्हाताऱ्याला ऐकू जाईल?" अण्णांनी वकीलबाईंना विचारलं.

"सांगता येत नाही. माझ्या घरून मी निरोप देऊ का?"

"नको. मलाच सांगू दे."

कित्येक सकाळी कोरड्या गेल्या. मग एकदा खरखरीतून म्हाताऱ्याचा आवाज आला. त्याला ऐकू आलं होतं! तो विचारत होता, ती कुठे आहे?

अण्णांनी बोलायचं बटण दाबलं. "ती गेली," ते म्हणाले. हे शब्द त्यांनी आजवर कोणापाशी उच्चारले नव्हते. बटण सुटलं आणि अण्णा टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, "तुम्ही आहात ना? मग उद्या तुम्हाला हाक मारतो."

मंडळी, 'माझं काय व्हायचं ते होवो' असं दुःखात आपण सहज म्हणून जातो. पण माणूस एकटा कधीच पडत नाही. तो कोणाच्या ना कोणाच्या अंगणात पडतो. म्हणून स्वतःला जपावं, निदान त्या अंगणासाठी तरी!