शेजारचा ब्रेक

मास्तरांनी पाटीवर गुडघा रोवला आणि ड्रिलचं टोक दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत टेकवलं. भोकं चार पाडायची होती, पण एकाही अक्षराला धक्का लागता कामा नये, असा त्यांचा हट्ट. त्यापायी सकाळचा एक तास नुसती मापं घेण्यात गेला होता.

"मास्तर, अक्षरं वर ठेवायची की खाली?" गाडीखालून फिटरचा आवाज आला.

"वर. खाली ठेवली तर दगड खातील ती."

"आणि वर ठेवून वाचणार कोण? इंजिन?"

"त्यालाच जास्त गरज आहे."

‘सावकाश शिका, निर्धास्त चालवा.’ ही पाटी एकतीस वर्षं मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारावर होती. स्कूल गेल्या वर्षी बंद झालं. उरली ही पत्र्याची पाटी आणि ही चोवीस वर्षांची सेडान. या बिचारीने काय काय सोसलं नव्हतं! नवशिक्यांनी तिचे गिअर किंचाळवले, क्लच जाळले, एका बाईंनी तर तिला थेट न्हाव्याच्या दुकानात नेऊन उभी केली. आणि आता म्हातारपणी ती शर्यतीत धावायची होती. इंजिनाला खालून दगड लागू नयेत म्हणून जाड पत्रा हवा होता. नवा कोण आणणार? पाटी भिंतीला टेकून उभीच होती.

हे सगळं खूळ भिंगरीचं. भिंगरी म्हणजे मास्तरांची लेक. चालायला लागली तशी एका जागी ठरेना म्हणून हे नाव पडलं. आता ती बत्तीस वर्षांची झाली होती आणि औषधांच्या दुकानात दिवसभर एकाच काउंटरमागे उभी असायची, तरी नाव काही सुटलं नाही. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत हौशी चालकांच्या स्पर्धा व्हायच्या. एकेक गाडी सोडायची, चालवणाऱ्याच्या शेजारी एक माणूस वळणं वाचून सांगायला बसवायचा आणि घड्याळ लावायचं. चार मिनिटांच्या आत चक्कर पुरी करणारा अंतिम स्पर्धेला जाणार. पहिल्या खेपेला, शेजारी मास्तर बसलेले असताना, भिंगरीला चार मिनिटं सहा सेकंद लागली होती. दुसरी आणि शेवटची संधी या रविवारी होती. पुढच्या वर्षी गाडीला पंचवीस पूर्ण होणार आणि तेवढ्या जुन्या गाड्या स्पर्धावाले घेत नसत. आता नाही तर कधीच नाही, असा मामला.

त्या सहा सेकंदांसाठी गाडी सोलून काढली होती. मागची सीट निघाली, ती फिटरच्या गॅरेजात बाकडं झाली. गालिचे निघाले, रेडिओ निघाला, डिकीतलं जादा चाक निघालं. शॉकअब्सॉर्बर भंगारात निघालेल्या एका टॅक्सीचे, पट्टे दुसऱ्या कुठल्या गाडीचे, हेल्मेटं शेजाऱ्याच्या मुलांकडून उसनी. मास्तर म्हणायचे, या गाडीला आता नातेवाईक फार झाले. प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप उघडून धुतला. तरी शनिवारच्या सरावात काटा चार मिनिटं पाच सेकंदांच्या खाली यायला तयार नव्हता.

सराव आटोपून भिंगरी दुकानात निघून गेल्यावर फिटरने पुढचं चाक उतरवलं. आतून ब्रेकचे पॅड काढून त्याने मास्तरांच्या तळहातावर ठेवले.

"हे कधी टाकले आपण?"

"पंधरा दिवस झाले."

"बघा मग."

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पॅड अर्ध्याहून जास्त झिजले होते. त्यांनी एक पॅड उलटा करून पाहिला, अंगठ्याने चाचपला.

"माल खोटा दिला दुकानदाराने," ते म्हणाले.

फिटर एकेकाळी मास्तरांकडेच गाडी शिकला होता. त्यांच्यासमोर अजून तो पानाची पिचकारी टाकायला लांब जायचा. चिंधीला हात पुसत पुसत त्याने शेवटी विचारलं,

"मास्तर, रागावू नका. ही गाडी एकजण चालवतो की दोघं?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात. सरावाला तिच्या शेजारी मी बसलो होतो. काटा तीन मिनिटं छप्पन्नवर आला. मी तुम्हाला बोललो नाही."

मास्तरांनी पॅड हळूच बाकड्यावर ठेवले. त्यांची नजर गाडीच्या उघड्या दारातून आत गेली. चालकाच्या शेजारच्या सीटसमोर, खाली, ब्रेकचं दुसरं पॅडल होतं. स्कूलच्या गाडीत असतंच. एक लोखंडी सळई ते पॅडल चालकाच्या पॅडलशी जोडायची, म्हणजे शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याला गाडी आवरता यावी. त्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. चालकाच्या पॅडलवरचं रबर अजून चांगलं खरबरीत होतं.

एकतीस वर्षं मास्तरांचं पोट त्या पायावर चाललं होतं. ब्रेक मारणं कुणालाही येतं. शिकणाऱ्याला न कळता मारणं ही विद्या. पाय असा अलगद टेकवायचा की समोरच्याला वाटावं, वा, गाडी आपणच आवरली! "चूक सांगू नये, त्याची त्याला कळू द्यावी," असं मास्तर सगळ्यांना ऐकवायचे. त्यांचा हा पाय गावात प्रसिद्ध होता. बसमध्ये बसले की समोरच्या बाकाला लाथ बसायची. घरी टीव्हीवर गाडी वळली तरी चटईवर टाच दाबली जायची. आणि सरावाच्या वेळी? मास्तरांनी आठवून पाहिलं. वळणं वाचल्याचं आठवत होतं, धूळ आठवत होती. पाय काय करत होता, ते काही केल्या आठवेना. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"जित्याची खोड," ते पुटपुटले.

"तसं नाही म्हणत मी."

"नको म्हणूस. मी म्हणतोय."

रात्री जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"उद्या तुझ्या शेजारी फिटर बसू दे," ते म्हणाले.

भिंगरीने वर पाहिलं. "का?"

"त्याचे डोळे चांगले आहेत. धुळीत मला कागद नीट दिसत नाही."

"मला नाही कधी चुकीचं वळण सांगितलंत."

"तरी पण."

"बाबा, तुम्ही बसणार असाल तर मी जाते. नाहीतर उद्या झोपते दहा वाजेपर्यंत. आठवड्यातून एक सुट्टी असते मला."

पुढे वाद नाहीच. ती हात धुवायला उठून गेली. भिंगरीच्या आईने नवऱ्याच्या ताटात आमटी वाढली.

"तुम्ही काय लपवताय?"

"काही नाही गं."

"झोपेत ब्रेक मारताय हल्ली फार. माझ्या पोटऱ्यांना विचारा."

रविवारी सकाळी सहाला मास्तर गाडीत उताणे शिरले. डोकं पॅडलांपाशी, पाय दाराबाहेर. सळईची पिन गंजली होती. पक्कडीने ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा मास्तरांच्या बोटाचं साल काढून बाहेर आली. सळई हातात आली तेव्हा ती इतकी हलकी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी शेजारचं पॅडल हाताने दाबून पाहिलं. ते खट्कन खाली पडलं आणि स्प्रिंगने परत वर आलं. कुठेच जोडलेलं नाही. पॅडलही काढून टाकावं म्हणून त्यांनी पान्हा लावला, पण बोल्ट हलेना. किंवा असं म्हणा, त्यांनी फारसा जोर लावला नाही.

सळई वर्तमानपत्रात गुंडाळून ते मागच्या दाराने घरात आले, तर समोर बायको दात घासत उभी.

"कुठे चालली ती सळई?"

"वजन कमी करतोय."

"गाडीचं?"

मास्तरांनी सळई पाण्याच्या पिंपामागे उभी केली.

खाणीत पंधरा-सोळा गाड्या जमल्या होत्या. यांचा नंबर अकरावा. पुढच्या गाड्यांनी रस्ता पार नांगरून टाकला होता. भिंगरीने हेल्मेटचा पट्टा आवळला, वडिलांचा आवळून दिला आणि दोन्ही हात चाकावर ठेवले. पंचाने झेंडा खाली केला.

"शंभर मीटर, डावं, उघडं," मास्तर वाचू लागले. "मग उजवं, घट्ट."

उजव्या वळणाला त्यांचा पाय गेलाच. कितीही बजावलं तरी पाय तो! पॅडल खट्कन तळाला आपटलं आणि गाडी जशीच्या तशी सुसाट वळणात शिरली. मागचा भाग सरकला, खालून पाटीवर दगडांचा मारा झाला, भिंगरीने चाक थोडं उलटं दिलं, आणि गाडी सरळ झाली. एवढंच. तिने ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता.

पुढच्या वळणाला खट्. त्यापुढच्याला खट्. प्रत्येक वेळी मास्तरांचा जीव वर यायचा आणि प्रत्येक वेळी लेक गाडी बाहेर काढायची. पाचव्या वळणाला त्यांनी पहिल्यांदा तिच्या हातांकडे पाहिलं. हात घाईत नव्हते. अठराव्या वर्षी याच गाडीत तिला त्यांनी शिकवलं होतं, परीक्षेला बसवलं होतं, आणि आज चौदा वर्षांनी ती त्यांच्या पायाशिवाय कशी चालवते हे ते पाहत होते. कागदावरचं पुढचं वळण वाचायला त्यांना क्षणभर उशीर झाला.

"डावं, मग पत्र्याची शेड, शेडच्या पुढे उजवं, उघडं!"

कागदावर तसंच होतं, उघडं. म्हणजे वेग कमी करायला नको. पण शेडच्या पलीकडे आधीच्या दहा गाड्यांनी खडीचा ढीग वळणाच्या आतल्या अंगाला लोटला होता. तो मास्तरांना दिसला तेव्हा तोंडातून शब्द निघायलाही वेळ नव्हता. पाय मात्र गेला. खट्!

आणि गाडी मंदावली.

अलगद, कणभर. नाक खाली दबलं, चाकांनी जमीन धरली, गाडी खडीच्या कडेने वळून निघाली. मास्तरांनी चमकून आपल्या पायाकडे पाहिलं. सळई तर पिंपामागे होती. स्वतःच्या हातांनी ठेवली होती त्यांनी.

शेवटची रेघ ओलांडून भिंगरीने गाडी बाजूला घेतली. धूळ खाली बसेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. फिटर धावत आला आणि खिडकीत डोकं घालून ओरडला, "तीन अठ्ठावन्न! मास्तर, तीन अठ्ठावन्न!" आणि बातमी सगळ्या खाणीला सांगायला परत पळाला.

मास्तरांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"शेडपाशी ब्रेक कुणी मारला?"

"मी," भिंगरी म्हणाली.

"कागदावर तर उघडं होतं."

"कागदावर होतं. पण तुमचं पॅडल वाजलं."

"ते तर सगळ्याच वळणांना वाजत होतं."

"तिथे जोरात वाजलं. तसं तुम्ही उगाच नाही मारत."

मास्तर म्हणाले, "सळई काढलीय मी."

"पहिल्याच घट्ट वळणाला कळलं. तुमचा पाय पडला की माझं पॅडल हलायचं ना. आज नाही हललं."

"म्हणजे आधी हलायचं ते तुला..."

"अठरा वर्षांची होते तेव्हापासून माहीत आहे, बाबा."

"मग बोलली का नाहीस? सहा सेकंद गेले तेव्हा तरी बोलायचं!"

भिंगरीने हातमोजे काढले, एकात एक घातले.

"चूक सांगू नये, त्याची त्याला कळू द्यावी," ती म्हणाली. "मात्र तुम्हाला वेळ फार लागला हं. कधी कळतच नाही की काय, असा मी पार धसका घेतला होता."

मास्तरांना हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. धुळीचं निमित्त बरं होतं. तेवढ्यात फिटर परत आला, तो खिशातून पान्हा काढतच.

"अंतिमला अजून पंधरा दिवस आहेत," तो म्हणाला. "मास्तर, उठा जरा. आता हे पॅडल कशाला ठेवायचं? काढतो. किलोभर वजन जाईल."

मास्तर दाराच्या बाजूला सरकले. भिंगरीने हात पुढे करून फिटरचा पान्हा धरला.

"राहू दे ते," ती म्हणाली. "मला त्याचा आवाज लागतो."

फिटर एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि वाकून पॅडलच्या गुळगुळीत रबरावरची धूळ पुसली.