डोळे मिटून भांडण

त्या घरात सासू-सून कधी भांडत नसत. घर ख्रिस्ती, त्यातून सासूबाई चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. आवाज चढवणं शोभलं नसतं. जे काय व्हायचं ते रोज संध्याकाळी सातला, कुटुंबप्रार्थनेत, गुडघे टेकून आणि डोळे मिटून व्हायचं.

दिवसभर दोघी पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायच्या. सुनेने केलेलं काज सासूबाई डोळ्यांशी धरायच्या, पटलं नाही की ब्लेडने उसवायच्या आणि चकार शब्द न काढता शर्ट तिच्या पुढ्यात टाकायच्या. शब्द सातसाठी राखलेले असत. "प्रभू, या घरच्या सुनेच्या हाताला वळण लाव. माहेरी ते राहूनच गेलं." मग सुनेची पाळी. "प्रभू, वडीलधाऱ्यांना धीर दे. त्यांची नजर अधू झालीय, हे त्यांना गोड शब्दांत कळव." प्रार्थनेत मध्येच तोंड घालायचं नसतं, त्यामुळे बोलणारीचं फावायचं. नवरा मोठ्याने आमेन म्हणून जेवायला पळायचा.

सुनेला एकच धास्ती होती, सहा वर्षांच्या लेकीला आजीच्या जिभेचं वळण लागू नये. म्हणून ती तिला सहनशीलतेचे धडे द्यायची. वेणी घालताना पोर कळवळली की केस आणखी ओढून म्हणायची, "सोसायला शीक."

आज लेक पहिल्यांदा स्वतः प्रार्थना म्हणणार होती. आठवडाभर सुनेने तिच्याकडून चार ओळी घोकून घेतल्या होत्या. पोरीने हात जोडले, चार ओळी भराभर उरकल्या आणि थांबलीच नाही.

"आणि प्रभू, माझ्या आईला वळण लाव. ती वेणी घालताना केस ओढते. मी रडले की जास्त ओढते. तिला धीर दे, गोड शब्दांत कळव, आमेन."

"आमेन," सासूबाई म्हणाल्या. इतक्या मनापासून त्या घरात आजवर कुणी आमेन म्हटलं नव्हतं.

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. "दुखतं तर मला का नाही सांगितलंस?"

"तुलाच तर सांगितलं," पोर गोंधळून म्हणाली. "आपण सगळे असंच सांगतो ना?"

सासूबाईंचं हसू मावळलं. नवरा आज जेवायला पळाला नाही.

सून उठली, दुपारी पुढ्यात टाकलेला शर्ट घेऊन आली. "आई, आता डोळे उघडे ठेवून सांगा. यात काय चुकलं?"

"सोसवेल?"

"नाही. पण ऐकेन."

"काज तिरपं कापलंय." सासूबाईंनी बोट ठेवून दाखवलं.

होतंच तिरपं. ओठांवर आलेलं उत्तर सुनेने गिळलं; जड गेलं, पण गिळलं. मग तिने लेकीला पुढ्यात बसवलं आणि सकाळची घट्ट वेणी सोडायला हात पुढे केला.

पोरीने मान ताठ केली, दात आवळले आणि डोळे गच्च मिटून घेतले.