झाकणाखालची चतकोर

झुरळ दिसलं की माझं डोकंच फिरतं. मिरजगावात हायवेला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, मोबाईल, येईल ते उघडायचं. लोक वरून पुसून आणतात आणि आत काय काय पाळलेलं असतं, ते सांगितलं तर तुम्हाला जेवण जायचं नाही. पण माझ्या धाकट्या भावानं, कल्याणनं, त्या दिवशी खताच्या गोणीत घालून जे आणलं, तसली घाण मी जन्मात बघितली नव्हती.

"ताई, हात नको लावू, लई घान हाय," म्हणत त्यानं गोणी काउंटरवर पालथी केली आणि रुमालानं स्वतःची बोटं पुसली.

आत टीव्हीला जोडून गेम खेळायचं आमचं जुनं प्लेस्टेशन होतं. लहानपणी मामानं मुंबईहून आणलेलं. त्याच्यावर गाड्या पळवताना आम्ही दोघं भांडायचो आणि आई लाटणं घेऊन यायची. आता त्याला उंदराच्या लेंड्या, कांद्याची सालं आणि कसलं तरी काळं चिकट पाणी वाळून बसलेलं. शेजारचा चहावाला नाक धरून म्हणाला, "ज्योतीताई, काय मेलं का काय दुकानात?"

"पार्थचा वाढदिवस हाय उद्या," कल्याण म्हणाला. पार्थ त्याचा मुलगा. "पोरांना जुन्या गेमचं खूळ लागलंय. मित्र येनारेत. पन जुन्या सीडी गेल्या, आन् कॉपी केलेल्या ह्याला चालत न्हाईत. तू ती चिप बसवून दे."

असल्या मशीनला कॉपीची सीडी ओळखू येते, मग ते चालतच नाही. आत बोर्डावर नखाएवढी चिप बारीक वायरींनी जोडली की मग निमूटपणे चालवतं. माझ्याकडे एक पडून होती.

"होतं कुठं हे?"

"कांद्याच्या चाळीत, अडगळीत."

"आणि आई कशी आहे?"

"मजेत हाय. झोपली हुती."

नागपंचमीला माहेरी गेले तेव्हा आई हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती, मी नेलेली साडी नेसून. नंतर फोन केला की ती कधी झोपलेली, कधी कीर्तनाला गेलेली. म्हातारी सत्तरीनंतर एवढी देवभक्त झाली, मला बरंच वाटलं होतं.

कल्याण गेल्यावर मी तोंडाला फडकं बांधलं. आधी बटण दाबून वरचं झाकण उघडलं आणि सीडी बसते त्या खळग्यात चिंधीचं एक गाठोडं दिसलं. मेलेलं उंदराचं पिल्लू असणार! चिमट्यानं उचलून ते तसंच कचऱ्याच्या डब्यात फेकलं. मग स्क्रू काढले, आणि झुरळं भळाभळा बाहेर. चप्पल घेऊन दुकानभर नाचले. भावाला शिव्या दिल्या, भावजयीला दिल्या, तो चहावाला फिदीफिदी हसत होता, त्यालाही दिल्या.

कचरा बाहेर टाकायला डबा उचलला तेव्हा चिंधीचा काठ दिसला. पिवळा, त्यावर हिरवे मोर. अगं बाई, हा तर मी कर्जतहून आईला नेलेल्या साडीचा काठ.

हातानंच गाठ सोडली. आत चतकोर भाकरी होती. बुरशी नाही, काही नाही, काल-परवाची. एका कडेला बोळक्या तोंडानं चोखून चोखून मऊ केलेली. चिंधीला आईच्या मिसरीचा वास येत होता.

शटर ओढलं आणि स्कूटी काढली.

माहेरी हॉलमध्ये फुगे लावणं चाललं होतं. मी थेट मागं, कांदा साठवायच्या चाळीकडं गेले. कांदा सडला होता, पाणी सुटलं होतं, चिलटं घोंगावत होती. त्यातच कोपऱ्यात बाज. बाजेवर माझी आई लंकाबाई, जिनं आम्हाला कधी उष्ट्या ताटाशेजारी बसू दिलं नाही. साडी ओली. ताटलीत माशा. मी बाहेर जाऊन भडाभडा ओकले.

"ज्योते, आलीस व्हय?" आई म्हणाली. "माझा डबा दिसला का गं कुठं? बटन दाबलं की उघडायचा. उंदीर लई झाल्यात, भाकरी ठिवू कुठं?"

कल्याण मागं आला, पण दाराशीच थांबला. नाकाला रुमाल.

"ती कुठंबी लघवी करती, ताई. नवा सोफा हाय. पोराचे मित्र येत्यात. वास सहन हुत न्हाई गं."

"तुला वास सहन होत नाही? अरे, मला तू सहन होत नाहीस! शी! तुझ्या तोंडावर थुंकायचीसुद्धा किळस वाटते मला."

"हळू बोल. लोक काय म्हनतील?"

मी शेजाऱ्याची रिक्षा बोलावली, आईला उचलून आत बसवलं. कल्याणनं हात लावला नाही. कपडे खराब झाले असते.

घरी आणून आईला ऊन पाण्यानं अंघोळ घातली. पाणी तीन वेळा काळं निघालं. नवं लुगडं नेसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. कल्याणचा.

"ताई, चिप बसली का? पोरं जमल्यात."

आईचं नाव नाही. जेवली का, झोपली का, काही नाही.

"ते मशीन आईचं आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बोर्ड, वायरी, मोटर, सगळं उपसून फेकलं. रिकामं खोकं साबणानं घासलं, उन्हात वाळवलं. आईला चांगला स्टीलचा डबा देऊ केला होता, तिनं तो बाजूला सारला. खोकं बघितल्यावर मात्र दोन्ही हात पुढं केले.

रात्री तिला दूध-भाकरी कुस्करून दिली. पोटभर जेवली. मी ताट घेऊन मोरीकडं वळले आणि मागं खोक्याचं बटण वाजलं. वळून बघते तर टोपलीतली चतकोर पदराआड घेऊन आईनं खोक्यात ठेवली होती. घाईघाईनं झाकण लावलं, वर हात ठेवला.

"ज्योते," ती हळूच म्हणाली, "कल्यानला सांगू नको हां."