कप्प्यांची अदलाबदल

आमच्या गोदामात नवीन माणूस आला की त्याला आधी झोपवायची पद्धत होती. तसा हेतू नसायचा, पण पडद्यावर नियमांमागून नियम सरकत राहायचे आणि ते समजावून सांगणारी मीच जांभया गिळत असायचे. मग तीच मंडळी ऑर्डरी भरायला जायची आणि शाम्पू मागवणाऱ्याच्या घरी कंडिशनर पोचायचा.

"खेळातून शिकवू या," म्हणून मी साहेबांच्या इतकी मागे लागले की ते वैतागून म्हणाले, "एकदा करून बघा. फसलं तर पडदा आहेच, आणि हा विषय कायमचा बंद."

मी हवेत तरंगतच घरी आले. पहिला प्रयोग सासूबाईंवर. त्यांची पाठ वळताच मीठ-साखरेच्या डब्यांच्या जागा बदलल्या आणि वाटीभर साखर मागितली. त्यांनी बोलता बोलता वाटीभर मीठ काढून माझ्या हातात दिलं.

"आई, डब्यावर मोठ्या अक्षरात मीठ लिहिलंय."

"हात आपोआप जातो गं, वाचत कोण बसतंय? आणि माझ्याच स्वयंपाकघरात मला गंडवतेस होय?"

मी त्यांना मिठीच मारली. गोदामातलं दुखणं अगदी हेच होतं. माल लावणारे घाईत बाटली शेजारच्या कप्प्यात ठेवतात आणि भरणाऱ्याचा हात सवयीच्या जागी जातो. खेळ सापडला होता.

ठरल्या दिवशी हॉलमध्ये मी खोक्यांचे कप्पे रचून छोटं गोदाम उभं केलं. नियम एकच होता: बाटलीवर बोट ठेवायचं, नाव मोठ्याने वाचायचं, मगच ती खोक्यात टाकायची. पहिली फेरी सगळ्यांनी झोकात पार पाडली. ते चिकटपट्टी लावण्यात गुंतले तेवढ्यात मी बाटल्या बदलल्या. दुसऱ्या फेरीत घाईत कुणी नाव वाचलंच नाही आणि झाडून सगळे आपटले.

"बाई, ही चीटिंग आहे," एक चष्मेवाली मुलगी तावातावाने म्हणाली.

तिसऱ्या फेरीत मात्र एकही जण फसला नाही. काय तो गलका, काय ती पळापळ. मला तर एका जागी उभं राहवेना. दारात साहेब हाताची घडी घालून उभे होते, चेहरा मख्ख.

"आता तुम्ही शाम्पूची ऑर्डर भरून दाखवा," ते मला म्हणाले.

त्यात काय, कप्पे मीच लावलेले. मी भराभर बाटल्या उचलल्या आणि खोकं पुढे सरकवलं. साहेबांनी आत हात घालून बाटली बाहेर काढली. कंडिशनर.

संपलं सगळं, पुन्हा तो पडदा आणि त्या जांभया.

"बाटल्या कुणी बदलल्या?" साहेबांनी विचारलं.

चष्मेवालीने चाचरत हात वर केला. "मी, साहेब. बाई खोकं आणायला वळल्या तेव्हा. मला वाटलंच होतं, त्या वाचणार नाहीत."

"आज पहिलाच दिवस ना तुझा?"

"हो."

साहेबांनी बाटली तिच्या हातात दिली. मग मला म्हणाले, "तो पडदा गुंडाळून ठेवा." आणि चष्मेवालीकडे वळले. "ह्या बाईंची एक फेरी परत घे."

मी नवं खोकं उचललं, बाटलीवर बोट ठेवलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात नाव वाचलं.