भीमाचा चेंडू

नाव फतेहशेर, म्हणजे विजयी सिंह, आणि अंगकाठी अशी की वाऱ्यानं फेटा उडाला तर नवरदेवही त्याच्या मागोमाग जाईल. पण जीव जडला होता सबिरांवर, आणि सबिरां अंब गावची. अंबवाल्यांची रीत अख्ख्या सकेसरच्या डोंगरात ठाऊक: वरात आली की आधी पांडवांच्या कोटात जायचं आणि पडक्या देवळासमोरचा भीमाचा चेंडू गुडघ्यापर्यंत उचलायचा. चेंडू कसला, चांगला धोंडा! भीम खेळता खेळता टाकून गेला म्हणे. त्याचं काय जातंय!

"चेंडू उचलेल त्यानं जोडीदाराला घरी न्यावं," सबिरांचे आजोबा बाबा लालखान कोटाच्या भिंतीला हात लावून म्हणाले. "नाही उचलला, तर वरात आल्या वाटेनं परत. इथं दिलेला शब्द फिरवला तर ही भिंत अंगावर येते."

फतेहशेरनं कंबर कसली. धोंडा हलला नाही, फेटा मात्र सुटला. बायका खिदळल्या. "अगं, नवरदेवाला आधी पुलाव चारा कुणीतरी!"

"हो बाजूला," म्हणत त्याचा पहिलवान मामा पुढं सरसावला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. उसण भरली. त्याला तसाच उचलून खाटेवर ठेवला.

फतेहशेरच्या डोळ्यांत पाणी आलं. हसं झालं ते त्यानं गिळलं असतं, पण सबिरां हातची चालली होती. "बाबा, पुन्हा एकदा बघू द्या ना," तो गयावया करू लागला.

"किती वेळ लावताय? पुलाव गार झाला तिकडं!"

लाल ओढणी, हातभर मेंदी, सबिरां स्वतः! तिनं ओढणी खोचली, धोंडा पोटापर्यंत उचलला आणि धपकन टाकला. "बकऱ्यांची दोरी रोज ह्याच्याखालीच दाबते मी. त्यात काय एवढं?"

बाबा लालखानांनी डोकं खाजवलं, मग भिंतीकडं पाहिलं. ती आधीच कललेली होती.

"शब्द म्हणजे शब्द," ते घाईघाईनं म्हणाले. "चेंडू आमच्या पोरीनं उचलला. नवरा इथंच राहणार."

"अहो, असं कुठं असतं का?" फतेहशेरची आई किंचाळली.

"मग तुम्ही उचलता का, बीबी?"

फतेहशेरला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

दुपार कलली तशी वरात परत निघाली. नवरदेवाच्या घोड्यावर मामाला पालथं घातलं होतं. आई ढसाढसा रडत सुनेपाशी आली आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाई गं, लाडाकोडात वाढलाय. जड काही उचलायला लावू नकोस हो त्याला."