बाजारातली गर्दी

“मी थांबलो, का तो थांबला?” काकांनी विचारलं.

पडद्यावर घोडा एक पाय उचलून गोठला होता. त्याच्यावरचा तलवारवाला, मागचे लाल कंदील, बाजारातली माणसं, सगळंच जागच्या जागी. काकूंनी शिलाई मशीनवरून मान वर केली.

“तो थांबला. तुम्ही काही केलं नाही.”

“मग माझं डोकं का बधिर झालंय?”

काकांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्तीनंतर त्यांना ओळखीचे रस्ते चकवायला लागले, मग शब्द, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषध फारसं नाही, हेही सांगितलं. लग्न होऊन जाताना लेकीने आपला कॉम्प्युटर इथेच ठेवला होता. त्यात जुन्या चीनमधला हा खेळ होता. बांबूची बनं, डोंगर, लढाया. काका कुणाशी लढत नसत. ते नुसता घोडा हाकत या गावाहून त्या गावी जात. तिथल्या पाट्या चिनी. घरात कुणालाच त्या वाचता येत नव्हत्या, त्यामुळे काकांना लाज वाटत नसे.

पण बाजार आला की चित्र अडकायचं, आणि काकांना वाटायचं, आपलंच डोकं अडकलं. मग ते कपाळावर थापा मारून घ्यायचे. कालच्या थापांनी कपाळ अजून लाल होतं.

काकूंनी लेकीला फोन लावला.

“आई, आधी कॉम्प्युटरचा डबा उघड. पंख्यात धूळ असेल.”

धूळ कसली, उशी भरेल एवढे कापडाचे तंतू निघाले. कॉम्प्युटर शिलाई मशीनच्या शेजारीच होता ना! मशीन साफ करायच्या ब्रशने काकूंनी ते हलक्या हाताने काढले. पंख्याची घरघर थांबली. बाजारात घोडा मात्र पुन्हा गोठला.

“मग सेटिंगमध्ये जा. इंग्रजीत ‘क्राउड’ लिहिलंय बघ. ते कमी कर. एवढी माणसं हलवणं झेपत नाही त्याला.”

काकूंनी अक्षरं जुळवत वाचलं आणि कमी केलं. घोडा सुरळीत निघाला. काकू मनातल्या मनात फुशारल्या.

काकांनी घोडा थांबवला.

“अगं, माणसं कुठे गेली?”

“कोणती?”

“इथली. ती चहावाली, तो टोपल्या विणणारा. काय झालं इथे?” ते पडद्याजवळ वाकले. “कुणी गेलं की मला सांगतच नाही तुम्ही लोक.”

थोरले दीर गेल्याचं काकूंनी काकांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. तिसऱ्यांदा सांगायचा त्यांना धीर झाला नव्हता.

“आहेत, सगळी आहेत,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “जरा आत गेलीत. बोलावते.”

फोनवर त्यांनी हळूच विचारलं, “माणसं परत कशी आणू गं?”

“आई, मग अडकणारच ते.”

“अडकायलाही नको आणि माणसंही हवीत.”

लेक एकेक सांगत गेली. “मग सावल्या काढ. कंदिलांचा उजेड काढ. चित्राचा बारीकपणा उतरव. दिसायला मात्र अगदी कसंतरी दिसेल.”

दिसलंच. बाजार पुन्हा भरला, घोडाही रखडत का होईना चालू लागला. पण सगळ्यांचे चेहरे ओला बोळा फिरवल्यासारखे फिसकटले होते. नाक कुठलं, डोळे कुठले, पत्ता लागेना. काकूंनी माउसकडे हात नेला.

“राहू दे,” काका म्हणाले. “आली सगळी.”

त्या पुसट चेहऱ्यांकडे बघून ते एकेकाला मान डोलवत होते. मग ते वळले आणि काकूंकडे बघत राहिले. कपाळावर आठी आली, गेली.

“तुमचं कुणी राहतं का इथे?”

संसारात कधी त्यांनी काकूंना अहोजाहो केलं नव्हतं. काकूंचा हात होता तिथेच राहिला.

“हो,” त्या म्हणाल्या. “राहतं.”

“मग बसा की. पोचवतो.”

काकूंनी स्टूल ओढलं. काकांनी मान वळवून त्या नीट बसल्याची खात्री केली, आणि मगच घोडा पुढे काढला.