विहिरीला कुलूप

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझा नवरा तर पाणीही फुंकून प्यायला लागला होता. त्र्याण्णवच्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा उत्तम फोर्टच्या ऑफिसात अडकला आणि मी पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन मुलांना काळ्या चहात पाव बुडवून देत होते. दंगल शमली, त्याची भीती काही जाईना. जिना वाजला तरी दचकायचा. "हंसा, पुन्हा असं झालं तर आपलं कोण? गावात जमीन हवी. घरचा तांदूळ, घरचं पाणी," एवढंच चालू. मला फ्लॅट सोडायचा नव्हता, पण त्याला एकदा निवांत झोपलेलं बघायचं होतं. म्हणून मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात त्याच्याबरोबर चेणे गावी जमीन बघायला गेले.

जमीन धर्मा पाटलांची, पण शब्द त्यांच्या आईचा, सावित्रीमावशींचा. उत्तम इन्स्पेक्टरसारखा सगळीकडे डोकावत होता. मी त्याची चेष्टा करणार होते, पण बघता बघता गप्प झाले. काय घर होतं ते! बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुड्यांत घट्ट बांधून माळ्यावर. सुके बोंबील, चिंच, मीठ. पावसाळ्याची लाकडं आताच रचून ठेवलेली. विहीर विकायच्या तुकड्यातच होती. टँकरवर जगणाऱ्या मला तिचा हेवाच वाटला: ऐन वैशाखात तळ दिसत नव्हता, आणि काठावर दोर-बालदी, येईल त्याच्यासाठी.

"रस्ता बंद झाला तर काय करता?" उत्तमने विचारलं.

"पावसात होतोच की," मावशी म्हणाल्या. "आमी काय मेलो?"

कित्येक महिन्यांनी उत्तमचा चेहरा सैल झाला. व्यवहार ठरल्यातच जमा होता. तेवढ्यात तो म्हणाला, "मी भिंत घालून घेईन. विहिरीला झाकण आणि कुलूप. संकटात सगळे पाण्याला इथेच धावतील ना!"

सगळं मुसळ केरात. धर्मा पाटील पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "धावतील म्हनूनच माज्या सासऱ्यानी बाव खनली. दादा, ही जमीन तुमाला न्हाय द्यायची."

उत्तम पांढराफटक पडला. "मग आम्ही जायचं कुठे?" एवढंच पुटपुटला. त्याचा तो आवाज ऐकून मी त्याच्याजवळ सरकले.

मावशींनीही तो ऐकला. "कुठं म्हंजे? हितं या. पोरांना घेऊन या. भात हाय, पानी हाय, आमी हाव. त्याला जमीन इकत कशाला घ्यावी लागते?"

मी त्या बाईवर तिथल्या तिथे जीव टाकला.

"कधीही?" उत्तमने विचारलं.

"कधीबी. पन एकटे येऊ नका. शेजारच्यांना मागं टाकून आलात तर चांगलं सुनावीन."

उत्तमने विहिरीच्या काठावरची दोर-बालदी न्याहाळली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "हंसा, आपल्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं गं?"